तुळशीराम मिस्त्री आणि बोटीचा पाय

तुळशीराम मिस्त्रींकडे कुठलंही इंजिन नेलं की ते आधी त्याचं तेल बघत. बघत म्हणजे काय, तर झाकण उघडून एक बोट आत बुडवायचं, ते अंगठ्यावर चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि डोळे मिटून थोडा वेळ तसंच उभं राहायचं. माझी स्कूटर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नेली तेव्हा काय काय बिघडलंय ते मी अगदी वर्गात शिकवल्यासारखं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुर्जी, तुमी थांबा. तेलाले बोलू द्या." तेल काय बोललं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण संध्याकाळी स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली.

वरवट बकालमध्ये शेगावच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. बाहेर पाणी ओढायचे पंप, मळणीयंत्रांची इंजिनं, एखादी जीप. तरुणपणी अठरा वर्षं ते मुंबईला बंदरातल्या एका बोटींच्या कारखान्यात होते. आई आजारी पडली म्हणून महिनाभरासाठी गावी आले आणि इथलेच होऊन राहिले. आमच्या कोरड्या मुलखात बोटींच्या ज्ञानाचा काही उपयोग नव्हता. चहा पिताना लोक त्यांची थट्टा करत, "काय मिस्त्री, जहाज कुठं लावलं?" मिस्त्री हसून म्हणत, "वावरात. पानी आलं का सोडतो."

आणि पाणी आलं. दोन वर्षं लागोपाठ पूर्णेच्या काठची गावं वेढली गेली. बाहेरून बोट यायला अख्खा दिवस लागला, म्हणून गावातल्या काही मंडळींनी बचाव मंडळ काढलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, अक्षर बरं आहे, म्हणून मला सचिव केलं. मुंबईच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आपली जुनी वेगवान बोट मंडळाला देऊन टाकली. सांगाडा मजबूत होता, इंजिन उत्तम होतं, फक्त मागचा भाग मोडलेला होता. अशा बोटीत इंजिन पोटात असतं आणि त्याची ताकद मागे पाण्यात उतरलेल्या एका दांड्याकडे जाते. त्याला पंखा असतो, तोच ढकलतो आणि तोच वळवतो. कागदावर त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. मिस्त्री नुसतं 'पाय' म्हणायचे. "इंजिन कितीबी पहेलवान असू द्या गुर्जी, पाय लटपटला का गडी पान्यात."

तो पाय निवडायला आम्ही तिघं मुंबईला गेलो. मिस्त्री, मी आणि मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षांचं धान्याचं दुकान, माणूस दिलदार, पण चकचकीत वस्तू दिसली की हरखून जायचा. वापरलेल्या मालाच्या गोदामात आमच्या इंजिनाला बसतील असे दोन पाय होते. एक पांढराशुभ्र, दोन पंख्यांचा, शर्यतीच्या बोटीतून काढलेला. दुसरा जुना, रंग खरवडलेला, एकाच पंख्याचा. अध्यक्षांनी पहिल्यावर हात ठेवला तो काढायलाच तयार नाहीत.

मिस्त्री दोन्हींपुढे उकिडवे बसले. पांढऱ्याच्या खालचा स्क्रू सैल केला, बोटावर तेल घेतलं. दुधाचा चहा सांडावा तसं ते तेल दिसत होतं. "याच्यात पानी शिरलं आहे. रंग नवा, सील जुनं." मग दुसऱ्याचं तेल घेतलं. ते काळपट पण स्वच्छ होतं. त्यांनी सांध्यावरच्या रबराच्या घड्या एकेक उलगडून बोटांनी चाचपल्या, दांडा हाताने फिरवला, कान लावला. गोदामवाला जांभया देत होता. पाऊण तासाने ते उठले आणि अध्यक्षांना म्हणाले, "भाऊ, पयते कोनतं हे पाहू नका. परत आनते कोनतं हे पाहा. हा घ्या. याची जबाबदारी माही."

अध्यक्षांचा चेहरा पडला, पण शब्द मिस्त्रींचा राहिला. परतताना गाडीत त्यांनी तो पाय गोधडीत गुंडाळून मांडीला टेकवून ठेवला होता.

पुढचे दोन महिने मी रोज शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायचो. साठीचा तो माणूस त्या दिवसांत तरुण झाला होता. पायाच्या आत रबराची एक फिरकी असते, तिला फुलासारख्या पाकळ्या असतात. ती नदीचं पाणी ओढून इंजिनाला गार ठेवते. मिस्त्रींनी ती नवी मागवली आणि बसवताना मला मुद्दाम दाखवली. "हे पाहा गुर्जी, हा याचा जीव. पानी हेच याचं तेल. पान्याबिगर इंजिन चालू केलं का ही फिरकी मिनिटात जयते." मग बोटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "चाबी तुमच्यापाशी. मंडयात सगळे हौशी आहेत. तुमी शिकेल सवरेल मानूस."

उद्घाटनाच्या दिवशी मिस्त्री नव्हते. बायकोचा डोळा दाखवायला शेगावला गेले होते, तारीख आधीच मिळालेली होती. बोट शाळेच्या मैदानात गाडीवर उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. नारळ फुटला, भाषणं झाली. मग प्रमुख पाहुणे म्हणाले, "अहो, आवाज तरी ऐकवा हिचा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं.

नववीला उष्णतेचा धडा शिकवणारा मी. मला सगळं ठाऊक होतं. पण चारशे लोक टाळ्या वाजवत असताना 'नाही' म्हणायला जी छाती लागते ती माझ्यात नव्हती. अर्ध्या मिनिटाने काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं आणि किल्ली फिरवली. पाहुणे म्हणाले, "अजून जोरात!" मी अजून जोर दिला. बहुतेक दोन मिनिटं झाली असतील. उदबत्त्यांच्या वासात जळक्या रबराचा वास मिसळला तेव्हा मी घाईने किल्ली उलटी फिरवली. कोणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी मिस्त्रींनी विचारलं, "झालं का बराबर?" मी म्हणालो, "झक्कास झालं."

रविवारी बोट पाण्यात घालून बघू, तेव्हा काही असलं तर कळेलच, असा मी हिशेब केला होता. पूर्णा गुरुवारीच फुगली.

नदीकाठच्या पंपघराचा चौकीदार महादेव स्लॅबवर अडकला होता. शांत, उंच माणूस, मंडळाच्या कामाला खड्डे खणायला आलेला. सकाळचे दहा वाजले होते. मिस्त्री स्वतः बोटीत बसले, मी त्यांच्या मागे. पहिल्या वळणापर्यंत बोट अशी गेली की काठावरच्या लोकांनी आरोळी ठोकली. मिस्त्रींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा पुन्हा कधी पाहिला नाही.

पंपघर समोर दिसत होतं. महादेव शर्ट काढून हलवत होता. तेवढ्यात इंजिन तापल्याचा भोंगा वाजायला लागला आणि इंजिनावरून वाफ उठली. मिस्त्रींनी वेग कमी केला, पुन्हा वाढवला, काहीतरी पुटपुटले. मग सगळं थांबलं. प्रवाहाने आम्हाला उचलून खाली नेलं आणि बाभळींमध्ये नेऊन अडकवलं. तिथून पंपघर दिसत होतं. दुपारी बाहेरची बोट आली, तिने आधी आम्हाला काढलं. तोवर पंपघराच्या जागी नुसतं पाणी होतं. महादेवचं प्रेत दोन दिवसांनी खालच्या गावी सापडलं.

पूर ओसरल्यावर मिस्त्रींनी पाय उघडला. मी तिथेच होतो. फिरकीच्या पाकळ्या झडल्या होत्या, उरलेल्या काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांनी ती नाकाशी नेली. बराच वेळ धरली. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "गुर्जी, चाबी तुमच्यापाशीच होती ना?"

"हाव."

"कोनाले देली नाही?"

"नाही."

"पान्याबिगर चालू त नाही ना केलं कोनं?"

उद्घाटनाला हजर असलेल्या चारशेजणांपैकी एकानेही त्यांना सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. माहीत होतं ते फक्त मला.

"नाही मिस्त्री," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मंग माह्या हातूनच काई चुकलं असन. बसवतानी उलटी दाबल्या गेली असन."

मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष ताडकन बोलले, "तो पांढरा घेऊ म्हनत होतो मी. काऊन ऐकलं नाही?" मिस्त्री हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "माही जबाबदारी होती. चुकलो." बैठकीची टिपणं मी लिहीत होतो. तेही वाक्य मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

त्यानंतर मिस्त्रींनी कामच सोडलं. लोकांनी त्यांना टाकलं असं नाही. पंप घेऊन येत, पण मिस्त्री म्हणत, "दुसऱ्याले दाखवा बाप्पा, माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला." मी स्कूटर नेली तर तेलात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि तसेच घुटमळत राहिले. मग फडक्याला हात पुसून म्हणाले, "समजून नाही राह्यलं गुर्जी." पुढे दुकानाचा पत्रा खाली ओढला गेला. बोट शाळेच्या मागे ताडपत्रीखाली उभी राहिली. मी रोज तिच्याजवळून शाळेत जात होतो.

पाच वर्षं मी गप्प राहिलो. कारणं पुष्कळ होती. नोकरी होती, सचिवपद होतं, महादेवची बायको होती. खरं तर एकच कारण होतं, मी भित्रा होतो.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि मी गेलो. काकूंनी मला उशाशी बसवलं, चहा ठेवायला आत गेल्या. मिस्त्रींचं अंग चिपाडासारखं झालं होतं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पाहुणे, टाळ्या, किल्ली.

ते छताकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "किती वेळ चालवलं?"

"दोन मिनिटं."

"वास आल्ता?"

"हाव."

त्यांनी दोन्ही हात पांघरुणातून बाहेर काढले आणि चेहऱ्यासमोर धरले. "म्हंजे मी बराबर बसवलं होतं," ते म्हणाले. मग काकूंना हाक मारून फळीवरचा डबा मागवला. त्यात फडक्यात बांधलेली ती फिरकी होती. त्यांनी ती नाकाशी नेली, जशी तेव्हा नेली होती.

"यानं मले तवाच सांगतलं होतं गुर्जी. पन तुमी नाही म्हनले. मंग मी याचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. चहा आला, तो त्यांनी मला प्यायला लावला.

पंधरा दिवसांत मिस्त्री गेले. दहाव्याला मंडळातले सगळे जमले होते, तिथे मी उभा राहून सांगितलं. अध्यक्ष उठून गेले. फिरकी काकूंनी मला दिली आहे, ती टेबलाच्या खणात आहे. खण उघडला की अजूनही जळका वास येतो.

महादेवच्या बायकोला मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही. ती आता माहेरी, धाड गावी राहते. वरवटहून धाडला जायचं तर खामगावला आणि बुलढाण्याला बस बदलावी लागते. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत माणूस पोचतो.