साताचं बटण

जुना कॉम्प्युटर दिसला की माझे हात शिवशिवायला लागतात. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत कुणी माळ्यावरून जाडजूड मॉनिटर खाली काढला, तर वॉचमन आधी मला फोन करतो आणि मग भंगारवाल्याला. नवरा म्हणतो, या घरात एक तर मी राहीन नाहीतर हे डबे. अजून तरी दोघेही आहेत.

त्यामुळे गेल्या वर्षी आईनं फोनवर सहज सांगितलं, "शेड रिकामी करायचीये, अण्णा कॉम्प्युटर भंगारात द्यायचा म्हणतायत," तेव्हा मी तव्यावरची पोळी विसरून भांडायलाच उभी राहिले. पोळीचा कोळसा झाला. आईला मी बजावलं की मी येईपर्यंत कॉम्प्युटरच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. चाकणजवळच्या आमच्या गावात शेतीला जोड म्हणून त्यांनी घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि आयुष्यभर कंपन्यांचं जॉबवर्क केलं, म्हणजे त्यांना लागणारे सुटे भाग करून दिले. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सेट आणि कोपऱ्यात हा कॉम्प्युटर, एका कंपनीनं काढून टाकलेला, पण गावातला पहिला. पार्टची ड्रॉइंग अण्णा आधी हातानं काढायचे, मग त्याच्यावर काढायला लागले. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये कधी कुणी खोट काढली नाही, हे ते स्वतःच सांगायचे आणि आम्ही ते निमूट ऐकायचो.

मग त्यांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, घाबरण्यासारखं काही नाही. अण्णा घाबरले नाहीत, त्यांनी फक्त पेन्सिल खाली ठेवली. कुणी ड्रॉइंग मागितलं की "येळ न्हाई" एवढंच म्हणायचे, आणि दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून जाणाऱ्या-येणाऱ्या कंपनीच्या बसकडे बघत बसायचे. शेजारच्या काकांना त्यांनी फार पूर्वी कांद्याची प्रतवारी करणारी चाळण बनवून दिली होती, हातानं फिरवायची. ती गंजली होती आणि काकांना आता मोटरवर चालणारी मोठी हवी होती. फॅब्रिकेटर ड्रॉइंगशिवाय पत्र्याला हात लावत नव्हता. काका दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा अण्णांना येळ न्हाई.

मी त्यांना नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. त्याच्या चपट्या बटणांवर बोट नुसतं थरथरलं तरी एका अक्षराची तीन अक्षरं उमटायची. अण्णांनी चार दिवस सोसलं, मग झाकण लावलं आणि त्याच्यावर पंचांग ठेवलं. ते पंचांग मी तिथून कधी हललेलं पाहिलं नाही.

आता माझ्या डोक्यात काय शिजत होतं ते सांगते. त्या जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड वरवंट्याएवढा जड आहे. त्याचं बटण मनापासून दाबावं लागतं, तेव्हा ते खट्ट वाजून खाली जातं. बोट नुसतं चाटून गेलं तर ते दाद देत नाही. शिवाय ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये रेघ माउसनं ओढावी लागत नाही. कुठून निघायचं, किती जायचं, कोणत्या कोनात, हे आकड्यांत टाइप केलं की रेघ सरळच येते, मग हात कापो की न कापो. मला हे सुचलं तेव्हा मी सिग्नलला उभी होते आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

"दसऱ्यापर्यंत मला द्या," मी अण्णांना म्हटलं. "तोवर नाही चालला तर भंगारवाल्याला मीच हाक मारते."

"हौसच हाय तर कर," अण्णा म्हणाले. "माझं काय न्हाई त्यात."

पण पुढच्या रविवारी मी गेले तर टेबल पुसलेलं होतं, आणि आई म्हणाली, तिनं पुसलेलं नाही.

कॅबिनेट उघडलं तर आत लोखंडाचा कीस, तेलकट धूळ आणि पालीच्या अंड्यांची टरफलं. ब्रश घेऊन मी दुपारपर्यंत साफ करत बसले. हार्ड डिस्क मेलेली होती. काळेवाडीत जुन्या पार्टचं एक दुकान मला माहीत आहे. तिथला दुकानदार म्हणाला, "ताई, हे म्युझियमला द्या," पण बोलता बोलता त्यानं खणातून बरोबर तशीच डिस्क काढली. तिच्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स चढवलं, जुन्या यंत्रांनाही नाही न म्हणणारं, छोटं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत होते. आई डोकावली आणि चहा ठेवून गेली.

अक्षरं दिसणं सोपं असतं. चित्रं दिसायला लागणं, ही खरी गंमत. पडद्याला ग्राफिक्समध्ये नेलं की तो मॉनिटर शिट्टीसारखा बारीक आवाज काढायचा आणि चित्राच्या तिरक्या पट्ट्या व्हायच्या. जुन्या मॉनिटरला कॉम्प्युटरनं ठरावीक वेगानंच चित्र पाठवावं लागतं, जास्त वेगानं पाठवलं तर तो जळूही शकतो. तो वेग किती, हे मागच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आणि आमच्या स्टिकरवर वेल्डिंगच्या धुरानं काजळी धरली होती. मी खोबरेल तेलाचं बोट लावून हळूहळू ती पुसली. आकडे दिसले. ते आकडे मी सेटिंगच्या फाइलमध्ये माझ्या हातानं लिहिले आणि एंटर दाबलं.

शिट्टी थांबली. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग त्याच्यावर बारीक विणीच्या चटईसारखी राखाडी जाळी पसरली, मधोमध एक काळी फुली. मी माउस हलवला, फुली हलली. जगात यापेक्षा सुंदर काही असेल असं मला त्या वेळी वाटत नव्हतं, आजही फारसं वाटत नाही. आईला मी हाताला धरून आणलं आणि ती फुली दाखवली. "बरी आहे," ती म्हणाली.

पुढचा रविवार मी ड्रॉइंगचा प्रोग्रॅम चढवण्यात आणि सगळं अण्णांच्या मापाचं करण्यात घालवला. अक्षरं मोठी, काळ्यावर पिवळी. आणि कीबोर्डला एक सेटिंग, की एकाच बटणावर लागलीच दुसऱ्यांदा बोट पडलं तर ते मोजायचंच नाही. अशी सोय लिनक्समध्ये असतेच, फक्त शोधून चालू करावी लागते. कुणीतरी कुठंतरी बसून कापणाऱ्या हातांसाठी हे लिहून ठेवलं आहे, या विचारानं मला भरून आलं.

अण्णांना मी फाटकावरून जवळजवळ ओढत आणलं. ते बसले. चष्मा लावला. बोटं थरथरत होती, पण खट्ट, खट्ट, एकेक अक्षर एकेकदाच उमटत होतं. माझं काळीज नुसतं नाचत होतं. काकांची चाळणच काढायला घेतली होती, तिच्या चौकटीची लांबी टाकायची वेळ आली. अण्णांनी एक दाबला, मग सात दाबला.

पडद्यावर एक उमटला आणि त्याच्यामागे सातांची आगगाडी.

त्यांनी खोडलं. पुन्हा दाबला. पुन्हा आगगाडी. "थांबा, मी वेळ वाढवते," म्हणत मी सेटिंग बदललं. तसंच झालं. मी आणखी वाढवलं, आणखी, इतकं की आता मुद्दाम दोनदा दाबलं तरी एकदाच उमटलं असतं. सात मात्र धावतच होते.

अण्णांनी हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. "राहू दे," ते म्हणाले. "माझाच हात हाय त्यो. तू कितीबी कर." ते उठून फाटकाशी गेले. पाठमोरे अण्णा मला फार म्हातारे दिसले. मला रडू आलं आणि रागही आला. आपणच त्यांना आशेला लावलं, आता दसऱ्याला भंगारवाल्याला हाक मारायची तीही आपणच.

डोळे पुसून मी ते सेटिंग तपासायला बसले. नुसतं बघायला म्हणून एक सात पाच टाइप करायला गेले. एक उमटला, मग सात, सात, सात, सात.

मी माझ्या हाताकडे बघितलं. तो चांगला दगडासारखा स्थिर होता. पुन्हा सात दाबला. पुन्हा तेच.

कीबोर्ड उचलून मी टेबलावर उलटा धरला आणि पाठीवर दोन धपाटे घातले. तांदूळ पडले. लाल तांदूळ, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, थोडी उदबत्तीची राख. साताचं बटण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं, तर त्याच्या कडेला कुंकवाच्या वाळलेल्या चिखलात एक अक्षता रुतून बसलेली. बटण खाली जायचं ते तिच्यामुळं लवकर वर यायचंच नाही. आणि बटण दाबलेलंच राहिलं तर कॉम्प्युटर बिचारा सातच लिहीत सुटणार, त्याला माझं सेटिंग काय करणार.

मी आईला हाक मारली. ती तांदळाकडे बघत म्हणाली, "खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा करायची, मग त्याचीच का नाही? लेथला लावलं, ड्रिलला लावलं. ह्याचं कपाळ कुठं म्हणून विचारलं तर अण्णाच म्हणाले, बटणांच्या वरच्या रांगेत मधोमध वाहा. तिथंच वाहत आले मी दर वर्षी."

मी शेडच्या दारातूनच ओरडले, "अण्णा, तुमचा हात नाही, अक्षता आहे."

अण्णांना काही कळलं नाही, पण ते आले. मी तो दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. तळहात कापत होता आणि दाणा त्याच्यावर उड्या मारत होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"म्हंजी मी न्हाई?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही."

त्यांनी दाणा शर्टाच्या खिशात टाकला आणि खुर्ची ओढली. मी बटण पुसून बसवलं, सेटिंग परत पहिल्यासारखं केलं. अण्णांनी एक दाबला, सात दाबला, पाच दाबला. खट्ट, खट्ट, खट्ट. एक, सात, पाच. मग कोन टाकला आणि एंटर. काळ्या पडद्यावर एक पिवळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, कुठंही न हलता. अण्णा पुढे झुकले आणि रेघेवरून, काचेला न टेकता, बोट नेऊन आले. बोट थरथरत होतं, रेघ नाही. "आक्षी सरळ हाय," ते म्हणाले, आणि मला आता रडू आवरलं नाही.

त्यानंतर त्यांना माझी गरज उरली नाही. चौकट झाली, जाळ्यांच्या पायऱ्या झाल्या, मोटरची बैठक झाली. मध्येच मी म्हटलं की इथं एक माप राहिलंय, तर माझ्यावर खेकसले, "दाव कुठं," आणि मी दाखवल्यावर गुपचूप भरलं. आईनं आणलेल्या चहावर साय आली. खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, ड्रॉइंग कुणी काढलं ते लिहायच्या जागी, अण्णा स्वतःचं नाव एकेक अक्षर दाबत लिहीत होते, तेवढ्यात फाटकाशी हातगाडी थांबली. भंगारवाला होता. अण्णांनीच त्याला आठवड्यापूर्वी येऊन जा म्हणून सांगून ठेवलं होतं, मला न कळवता.

"अण्णा, त्यो कॉम्प्युटर न्यायचा होता ना?" त्यानं बाहेरून विचारलं.

अण्णांनी मान वळवली नाही. पुढचं अक्षर शोधून त्यांनी ते दाबलं.

"येळ न्हाई," ते म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं.