चिंधीची बाटली

सहदेवदादा गेला. पुण्यानुमोदनाला मुंबईचे मोठे मोठे डॉक्टर आले, किडनी बसवायच्या कामात त्यानं किती वर्षं घातली ते बोलले. चिंधीचं कुणी बोललं नाय. त्यांना ठाऊकच नसणार. म्हणून हे सांगायचं.

दादा भिसेगावचा. छप्पन साली घरानं धम्म घेतला तवा तो मॅट्रिकला होता. त्याची आई गंगाबाई, तिनं त्याच दिवशी घरात सांगितलं, आता गावाची मेलेली ढोरं ओढायची नायत, कुणाची घाण उचलायची नाय. दादा शिकत गेला, डॉक्टर झाला, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मूत्ररोगाच्या खात्यात लागला. तिथं आधी कुत्र्यांवर किडनी बसवून बघायचे, मंग माणसांवर. ज्याला बसवली त्याच्या भोवती समदे डॉक्टर. दादाला घोर लागला तो वेगळाच. जिनं काढून दिली तिचं काय? एका किडनीवर ती जन्मभर राबेल का? त्यानं संशोधनाला तेच घेतलं.

देणारी अशी बारा माणसं होती. दर सहा महिन्यांनी प्रत्येकानं एका दिवसाची आणि रात्रीची सगळी लघवी बाटलीत धरायची आणि आणून द्यायची, वर थोडं रक्त. त्यावरून कळायचं, उरलेली किडनी किती काम करते ते. त्यातलीच एक चिंधी. खालापूरच्या बाजूला डोंगराखाली तिची वाडी, वीटभट्टीवर मजुरी. चौऱ्याहत्तर साली तिनं भावाला, नवशाला, किडनी दिली.

चिंधीची बाटली दर खेपेला गच्च. आकडा असा का दोन किडनीवाली बाई मागं पडावी. खात्याचे मोठे साहेब खूश. दिल्लीच्या परिषदेत वाचायचा लेख टाईप करून तयार झाला. दादानं खुशीत संत्री घेतली, खोपोलीची एस्टी धरली आणि न सांगता वाडीवर गेला.

अंगणात चिंधीची जाऊ सोमी बसलेली.

"संत्री एकट्या चिंधीलाच काय वो डाक्तर? बाटलीत आमचाबी वाटा हाय!"

दादा हसला. मंग हसायचा थांबला. "म्हंजे?"

"भट्टीवर दिसभर कुठं बाटली घेऊन फिरणार ती? सांजचं घरी आली का रिकामी दिसते. मंग मी भरते, सासूबी भरते."

चिंधी आली ती खाली मान घालून.

"चिंधे, असं का केलंस गं?"

"कमी भरली तर तुमी नवशाची काढून मला परत लावाल ना."

तीन वर्षं ही बाई या भ्यानं बाटली भरत होती. आणि दादा इस्पितळात बसून तिचा आकडा बघून खूश होत होता.

"नाय काढत गं. ती आता त्याचीच हाय."

"नवशाच्या डोक्यावर हात ठेवून बोला."

दादाचा शपथेबिपथेवर विश्वास नाय. पण वाडीतच राहणाऱ्या नवशाला बोलावलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेच परत बोलला. तवा कुठं बाईनं मान वर केली.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतः बाटली घेऊन भट्टीवर. चिंधी विटांच्या थप्पीमागं डबा घेऊन जायची, डबा दादाच्या हातात द्यायची, तो बाटलीत ओतायचा. मुकादम पोशा सगळ्यांसमोर ओरडला, "बायको पळाली तरी माणूस एवढा मागं फिरत नाय वो डाक्तर!" भट्टी हसली. दादाबी हसला. बाटलीचं बूच मात्र घट्ट लावलं.

कर्जतच्या बाजारात ही गोष्ट गंगाबाईच्या कानावर गेलीच.

"छप्पन साली सोडलं ते कशापायी रं? लोकांचं मूत वाहायला शिकवला तुला?"

"आई, तवा गाव सांगायचा म्हणून उचलायचो. हे मला माहीत करून घ्यायचंय म्हणून उचलतो."

गंगाबाई दोन दिवस नुसती जेवायला वाढायची, ताट सरकवायची, बस.

चिंधीचा खरा आकडा आधीच्या निम्म्याच्या जरा वर आला. जगायला पुरेल एवढा. पण पाण्याशिवाय उन्हात राबायला नाय; भट्टीवर पाणी पीत जा, असं त्यानं चिंधीला बजावलं. दादानं मोठ्या साहेबांना सांगितलं. ते बोलले, "तिची एकटीची नोंद गाळ, बाकी लेख वाच."

"हिनं भ्यानं भरली साहेब. बाकीच्या अकरांनी काय केलं ते कुणी बघितलं?"

लेख मागं घेतला. दादाला मिळायची वरची जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. मंग दादा अकराच्या अकरा घरी फिरला, कुठं शेतावर बसला, कुठं गिरणीच्या गेटवर. आणखी तिघांच्या बाटल्या तशाच निघाल्या. सगळं नव्यानं मोजायला चार वर्षं गेली.

एक्याऐंशी साली चिंधी भिसेगावला दादाच्या घरीच बाटली घेऊन आली, सोबत सोमी. बाटली अर्धीपण नाय.

सोमीनं टोमणा मारला, "एवढीच गं?"

"एवढीच. माझी एकटीची हाय."

दादानं बाटली उजेडात धरली, आकडा लिहिला. मंग विचारलं, "भट्टीवर पाणी पितेस का गं?"

"पिते. घटकाघटकानं उठते. पोशा शिव्या घालतो, तरी पिते."