राज्याभिषेकाची गाठ

हसायचं असेल तर चहा आधी खाली ठेवा, शर्टावर सांडला तर मी जबाबदार नाही. कारण भर राज्याभिषेकात मी जी माती खाल्ली ना, ती इंग्लंडच्या अख्ख्या इतिहासात कुणी खाल्ली नसेल!

झालं काय, इथे अमेरिकेत, अल्फारेटात आमच्या इराच्या शाळेत इतिहासावरच्या नाटुकल्यांची स्पर्धा होती. अठराव्या शतकातल्या ज्या इंग्रज राजाच्या नावावरून आमच्या जॉर्जिया राज्याचं बारसं झालं, त्याचा आणि त्याच्या राणीचा जोडीनं झालेला राज्याभिषेक स्टेजवर करायचा. नाटुकलं लिहिलं आमच्या आठवीतल्या लेकीनं, इरानंच. मोठ्यांची कामं पालकांनी करायची. राजा होणारे गृहस्थ ऐनवेळी आजारी पडले आणि मी हात वर केला!

इराचा चेहरा बघायला हवा होता. ही पोरगी मला शाळेच्या दोन सिग्नल अलीकडेच गाडी थांबवायला लावते. मैत्रिणींना बाप दिसू नये म्हणून!

"बाबा, प्लीज! फक्त स्क्रिप्ट फॉलो करा. नथिंग एक्स्ट्रा."

"अगं, राजा आहे मी!"

"दॅट्स द प्रॉब्लेम!"

मनात म्हटलं, थांब. आज तुला बापाचा अभिमान वाटायला लावतो की नाही बघ.

स्क्रिप्ट तशी सोपी होती. बिशप झालेले इतिहासाचे सर आधी मला मुकुट घालणार. मग मी उठून एकट्यानं सिंहासनापर्यंत चालत जायचं. राणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मेधानं, जागेवरच बसून राहायचं. तिचा मुकुट नंतर.

पडद्यामागे आम्ही शेजारीशेजारी बसलो. दोघांच्या खांद्यांवर लांबलचक मखमली झगे. समोर धर्मगुरू, तेलाची वाटी, आता मंत्र सुरू होणार! मला सांगा, दर श्रावणात सत्यनारायणाला बसणारा माणूस अशा वेळी काय करेल? जोडीनं बसायचं आणि गाठ नाही? हात आपोआप गेला. तिच्या झग्याचं टोक घेतलं आणि माझ्या झग्याला बांधलं. चांगलं घट्ट! मेधा आपला विग सारखा करण्यात गुंग होती.

पडदा उघडला. मुकुट चढला. टाळ्या! मी छाती काढून उठलो आणि निघालो.

"अहो!" मागून हाक आली.

गहिवरली बिचारी, मी मनात म्हटलं.

"अहो, थांबा! अहो, मी येतेय!"

झग्याला ओढ बसत होती. मखमल जडच असते म्हणा! मी आणखी जोर लावला. मागे कसली तरी खडखड. पब्लिक तर उभंच राहिलं! शिट्ट्या काय, टाळ्या काय! मी दोन्ही बाजूंना हात हलवत ऐटीत पुढे.

सिंहासनापाशी वळून बघतो तर काय? लाल कापड घातलेली राणीची खुर्ची निघाली शाळेच्या ऑफिसातली, चाकांची! तिच्यावर बसून मेधा गडगडत माझ्या मागे आलेली, आणि मेधाच्या मागे मुकुट घेऊन बिशप धावतायत! धापा टाकत त्यांनी तो तिथंच तिच्या डोक्यावर ठेवला. मेधानं असा काही हात हलवला, जणू जन्मात दुसरं काही केलंच नाही!

सगळ्यांना वाटलं, हे मुद्दामच बसवलंय. पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं हो!

बक्षीस देणाऱ्या बाई माइकवर म्हणाल्या, "राणीचा रथ तर अप्रतिम! पण तो ओढणारा घोडा कोण होता?"

हॉल हसून हसून लोटपोट. मी इराकडे बघितलं. आता ही काही मला ओळख दाखवत नाही, नक्की!

तर ही आपल्या खुर्चीवर चढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "दॅट्स माय डॅड!"