कंबर रिकामी न ठेवता काढलेला एमआरआय

बाबांच्या गुदाशयात, शौचाच्या जागेजवळ, कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. रेडिएशनचा शेक आणि औषधांनी गाठ पार विरली तर ऑपरेशन टळेल, नाहीतर शौचासाठी पोटावर कायमची पिशवी. पहिला एमआरआय बघून ते म्हणाले, "ही गाठ उपचाराला दाद देईल असं दिसतंय. पण शब्द देत नाही." मला त्यांचा हा खरेपणाच आवडला. बाबा मात्र भडकले. नागझिऱ्यात गाइड म्हणून जन्म गेलेला त्यांचा. "पिशवी लटकवून लोकायले वाघ दाखवू काय?"

शेक संपल्यावर गोंदियात दुसरा एमआरआय होता, आणि दारातच गाडं अडलं. मधल्या काळात आईनं दृष्ट लागू नये म्हणून बाबांच्या करदोड्यात लोखंडी कडी ओवली होती. मशीनवरच्या ताई म्हणाल्या, "काका, लोहा अंदर नहीं चलेगा." करदोड्याची गाठ इतकी कसलेली, की सुटेना. मी सरळ कात्री मागितली.

बाबांनी माझा हात धरला. "करदोडा मेल्यावर तोडतेत. मी मेलो काय?"

"अहो बाबा, जीव मोठा की दोरा?" माझं डोकंच फिरलं.

"तू गप राह्य," आई म्हणाली. आमच्याकडे नवा बांधल्याशिवाय जुना काढत नाहीत, कंबर रिकामी ठेवत नाहीत. तिनं लुगड्याचा काठ टरकन फाडला, त्यांच्या कमरेला बांधला आणि मगच कात्री घेतली. त्या ताईंनी कपाळावर एकही आठी आणली नाही. "आराम से, काकी," एवढंच म्हणाल्या. धन्य ती बाई! माझ्यात तेवढा धीर नव्हता.

एमआरआय झाल्यावर डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतून तपासलं. दोन्ही एमआरआय शेजारी लावून बाबांना बोटानं दाखवलं, "इथं गाठ होती. आता नुसता वण दिसतोय. सध्या ऑपरेशन नको."

बाबांनी त्या वणावर बोट ठेवलं. "पाऊलखुणा नाई दिसल्या म्हणून वाघ गेला असं नाई होत, साहेब. तो परत येते."

डॉक्टर हसले नाहीत. "बरोबर आहे. म्हणूनच पुन्हा पुन्हा बघत राहायचं. आली तर लवकर सापडेल, मग ऑपरेशन करू."

"मंग मी ड्यूटीवर जाऊन राहिलो," बाबा म्हणाले.

इतके महिने डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी आई, डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.