एकोणीस जणांची दही-साखर

ऑपरेशनच्या टेबलावरून उठून स्वतःच्या पायांनी बाहेर आलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला. ते माझे धाकटे दीर. महाडच्या दवाखान्यात त्यांच्या पोटातली कॅन्सरची गाठ काढायची होती. भूल देण्याआधी नाकातून पोटात नळी घातली, तर नळीतून दही निघालं. लघवी तपासली, तर मधुमेहाची साखर पार वर गेलेली. डॉक्टर दारात येऊन माझ्यावरच ओरडले, "आज कापलं तर हा माणूस टेबलावरच जाईल! खायला कुणी दिलं याला?"

मागून भावोजी लेंग्याची नाडी बांधत आले. "वयनीला बोलू नका, डाक्तर. सगळ्यांनीच दिलंय."

खरंच सगळ्यांनी दिलं होतं. आमच्या कापडे गावात माणूस मोठ्या कामाला निघाला की त्याच्या हातावर दही-साखर ठेवतात, आणि ती परतवायची नसते. दवाखाना महाडला, म्हणून लोक पहिल्या एस.टी.नं वाट्या घेऊन आले. साखर रेशनची, स्वतःच्या चहातली वाचवलेली. भावोजींनी एकोणीस वेळा हात पुढे केला. विसावी मी होते, पण तोवर दही संपलं होतं. म्हणजे मीही काही शहाणी नव्हते.

नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. मधुमेह झाल्यावरही प्रत्येक घरी चहा घ्यायचे आणि वर म्हणायचे, "साखर त्यांची हाय, मला कशी लागेल?" लघवी तपासायची काचेची नळी आणि निळं औषध त्यांनी विकत आणलं होतं. दिव्यावर नळी तापवून रोज अंगणात सगळ्यांना रंग दाखवायचे. निळं राहिलं तर साखर नाही, लाल झालं तर सगळ्यात जास्त. हिरवा आला तर म्हणायचे, "आज भाताचं रोप!" पिवळा आला तर हळद. लाल आला की, "आज कौल!" आणि जसं काही घर शाकारून झालं, असे खूश व्हायचे. बघायला पोरांपेक्षा म्हाताऱ्यांचीच गर्दी जास्त.

पण आता हसण्यावारी नेण्याचे दिवस नव्हते. सर्जन मुंबईहून पंधरा दिवसांनी एकदा यायचे, आणि गाठ काही त्यांची वाट बघत थांबणार नव्हती. भावोजींना पेजही पचत नव्हती. बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग झालेलं. त्यांची बायको, माझी जाऊ, गावी बाळंतीण होती. मी दवाखान्यात मुक्काम ठोकला. नर्स रोज इन्सुलिनची सुई टोचायची आणि मी नळीचा रंग बघायची.

दुसऱ्या वेळी पुन्हा वाट्या आल्या. मी पायरीवर वाट अडवून बसले.

"त्याच्या हातावरच ठेवायची असते गो," भावोजींच्या मावशी म्हणाल्या.

"त्याला मारायचं असेल तर ठेवा. नायतर माझ्या हातावर ठेवा, मी त्याच्या नावानं खाते."

मावशी रागावल्या, पण ठेवली. मग सगळ्यांनीच ठेवली. इतकं दही खाल्लं की दोन दिवस माझा घसा बसला होता.

आत गेले तर भावोजी भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला वाटलं, दही चुकलं म्हणून रुसले असतील.

"वयनी, मागल्या खेपेला मला भूक नव्हती गो," ते म्हणाले. "पण एवढी माणसं आली. एकाचं घेतलं नाय आणि मी परत आलो नाय, तर तो जन्मभर म्हणेल, माझ्या हातचंच तेवढं राहिलं."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. म्हटलं, "गप पडा. नळी निळी आलीय."

दुपारपर्यंत ऑपरेशन चाललं. निम्म्याहून जास्त पोट काढलं. पुढे ते मुठीएवढा भात दिवसातून सहा वेळा खायचे, आणि सहाही वेळा कुणाला तरी आग्रहानं शेजारी बसवायचे. रिकामं ताट घेऊन मीही कितीदा बसले.

भावोजी त्या दुखण्यातून जगले. त्यानंतर अकरा वर्षांनी माझे यजमान गेले, तेव्हा तेराव्याच्या पंगतीत वाढायला तेच होते.