चुन्याचा दुसरा हात

बसवराजचा फोन आला तेव्हा मी नांदेडमधल्या एका बंगल्यात खिडकीपाशी पेटलेली उदबत्ती धरून उभी होते. बाहेरची गरम हवा घरात कुठून शिरते हे शोधायचं असलं की आम्ही असंच करतो. धूर जिथं वाकडा होतो तिथं फट असते. घरच्या बाईंना मात्र मी पूजा करते आहे असं वाटलं होतं आणि त्यांनी मुलाला टीव्ही बारीक करायला लावला होता. बसवराज माझ्याबरोबर शिकलेला, उदगीरचा. त्याचा फोन म्हणजे पहिलं वाक्य टोमण्याचंच. त्या दिवशी म्हणाला, "सुनीता, काय करलालीस?" आणि थांबला... "सोनकांबळे सर गेले गं. सकाळी, अंगणात बसल्या बसल्या." मी "बरं" म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. फोन ठेवून पुढच्या खिडकीकडं गेले, तिथली फट नोंदवली, कागदावर सही केली. जिना उतरताना लक्षात आलं की विझलेली उदबत्ती अजून हातातच आहे.

याला दीड महिना झाला. सरांवर लिहायला बसले की चार ओळी नीट होतात आणि पाचव्या ओळीला मी अडखळते. कारण सरांबद्दल एक गोष्ट मला कळलेली नाही, आणि ती ज्यांना विचारायची तेच आता नाहीत.

मी नायगाव तालुक्यातली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. बी.एस्सी. झाले आणि दोन वर्षं घरात बसले. मग लातूरला एका संस्थेचा तीन महिन्यांचा वर्ग निघाला, घरांची ऊर्जा तपासणी शिकवणारा. घरात वीज कुठं वाया जाते, उष्णता कुठून येते हे मोजायचं, लोकांना उपाय सांगायचे, काही स्वतः करून द्यायचे. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. वडील म्हणाले, "जा. पर हे शेवटचं. कागद न्हाई मिळाला तर पुढं माझं ऐकायचं." त्यांचं ऐकायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मुखेडचं स्थळ आधीच बघून गेलं होतं.

सोनकांबळे सर तिथं शिकवायचे. आयुष्य वायरमनकी आणि मग आयटीआयमधली मास्तरकी यात गेलेलं. उंच, काटक, शर्टाच्या खिशात टेस्टर. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला एक जाड इंग्रजी पुस्तक दाखवलं. त्यात बर्फ पडलेली घरं होती, धुरांडी होती, पोटमाळ्यावर कापसासारखं काहीतरी अंथरणारी माणसं होती. आम्ही वीस जण, बाहेर तापलेली मार्च महिन्याची दुपार, आणि चित्रात बर्फ! सर म्हणाले, "ह्या लोकांला ऊब घरात कोंडायची हाय. आपल्याला ती घरातनं हाकलायची हाय. म्हणून हे पुस्तक उलटं वाचायचं." मग त्यांनी खरंच ते उलटं लिहून काढलं. रोज चार पानं, स्वतःच्या अक्षरात, मराठीत, पत्र्याच्या घरासाठी, सिमेंटच्या स्लॅबसाठी. माझ्यासारख्या इंग्रजीला घाबरणाऱ्या पोरांनी त्या पानांवर परीक्षा दिली. माझं पुढचं सगळं त्या पानांवर उभं आहे हे मी कुणालाही सांगते.

ते साल दुष्काळाचं होतं. आठ-आठ दिवस टँकर यायचा नाही. उदगीरकडं मात्र नव्या जिल्ह्याच्या मागणीचे फलक झळकत होते आणि बसवराज सांगायचा, "आमचा जिल्हा झाला की मी तिथला साहेब. तुम्ही सगळे माझ्या हाताखाली." सर म्हणायचे, "साहेब, आधी मीटर सरळ धरा." प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत त्याच बसवराजला त्यांनी नापास केलं. घरातला फ्रिज चालू ठेवून त्यानं पंख्यांचा हिशोब मांडला होता, त्यामुळे फ्रिजची वीजही पंख्यांच्या आकड्यात गेली होती, एवढंच. तो रडवेला झाला, गयावया केली. सर म्हणाले, "चुकीचा आकडा लिहिलेल्या कागदावर मी सही करणार न्हाई. पंधरा दिवसांनी परत दे." त्यानं परत दिली.

माझी परीक्षा चाकूर तालुक्यातल्या एका गावात होती. शेषाबाई नावाच्या बाईंचं एका खोलीचं पत्र्याचं घर. त्या वाकळ शिवायच्या, दिवसभर त्या पत्र्याखाली बसून. काम असं होतं : पत्रे धुवायचे, त्यावर चुन्याचा एक हात मारायचा, वाळल्यावर दुसरा मारायचा, आणि आधीचं-नंतरचं तापमान अर्जात भरायचं. पांढऱ्या पत्र्यावरून ऊन परत फिरतं आणि खोली निवते. दोन हात झाले तरच पास, असा नियम होता, कारण एक हात लवकर उडून जातो. संस्थेनं प्रत्येकाला एक पिंप पाणी दिलं होतं. कागदावर ते पुरत होतं. पण पत्रा इतका तापला होता की चुना ब्रशवरच घट्ट व्हायचा, पुन्हा पाणी, पुन्हा पाणी... धुण्याऐवजी मी पत्रे झाडून घेतले तरी पहिला हात संपता संपता पिंपाचा तळ दिसला.

शेषाबाई मावशी खालून ओरडल्या, "काय गं, संपलं का?" मी काही बोलायच्या आत त्या दोन घागरी घेऊन शिडीपाशी आल्या. "घे. उद्या टँकर येणार हाय." मला माहीत होतं की टँकर उद्या येणार नव्हता. त्यांनाही माहीत होतं. खोलीत मी सकाळीच पाहिलं होतं, त्या दोन घागरींशिवाय पाणी नव्हतं. मी म्हणाले, "नको मावशी, पुरेल मला." त्या घागरी आत घेऊन गेल्या. मी शिडीच्या पायरीवर बसले, गुडघ्यावर अर्ज ठेवला, आणि 'चुन्याचे हात' या रकान्यात 'दोन' असं लिहिलं.

त्याच दिवशी दुपार कलताना सर तपासायला आले. आत मावशींशी काहीतरी बोलले. मग शिडीवरून वर गेले. मी खालून बघत होते. त्यांनी बोट ओलं केलं, पत्र्यावर नखानं एक रेघ ओढली, आणि बराच वेळ त्या रेघेकडं बघत उकिडवे बसले. खाली आले तेव्हा पँटवर चुन्याची बोटं उमटली होती. माझा अर्ज हातात धरून त्यांनी विचारलं, "दोन हात?"

मी म्हणाले, "हो सर."

"बरं," ते म्हणाले आणि सही केली.

त्या सहीवर मला प्रमाणपत्र मिळालं, नांदेडला नोकरी मिळाली, मुखेडचं स्थळ दुसरीकडं गेलं, धाकट्या बहिणीचं शिक्षण झालं. फ्रिजसाठी बसवराजला परत पाठवणाऱ्या माणसानं माझ्या खोट्यावर सही का केली? नखाच्या रेघेखाली पत्रा दिसला नसेल असं होणारच नाही. त्यांना दया आली? की मुलगी म्हणून सूट दिली? हा दुसरा विचार आला की मला सगळ्यात जास्त लाज वाटायची. सर नंतर अनेकदा भेटले, माझ्या कामाची चौकशी करायचे, लोकांसमोर "ही आमची तपासनीस बाई" अशी ओळख करून द्यायचे, आणि मी दर वेळी मान खाली घालायचे. एकदा नांदेडच्या बसस्थानकावर मनाचा हिय्या केला. ते हदगावला नवा वर्ग घ्यायला निघाले होते. मी सुरुवात केली, "सर, चाकूरकडचं ते घर..." ते पटकन म्हणाले, "शेषाबाई बरी हाय. गुडघे धरलेत फक्त." आणि बस लागली म्हणून पळाले. त्यांना हे कसं ठाऊक, हे विचारायचंही राहिलं. तीच शेवटची भेट.

सर गेल्यावर लातूरला त्यांच्या घरी गेले. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी सरांचा फोटो होता.  सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बोलता बोलता म्हणाल्या, "उन्हाळा लागला की दोन दिवस चाकूरकडं जायचे. येताना कपडे पांढरे. इचारलं तर म्हणायचे, राहिलेलं काम हाय."  दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी त्या गावी गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मावशींनी मला लगेच ओळखलं. सुई कापडात खुपसून म्हणाल्या, "ये गं. आता यंदा लवकर धाड बाई त्या मास्तरला. मागल्या साली उशीर केला त्यानं."

"मी धाडू?"

"तूच धाडतीस न्हवं दरसाली? म्हणायचा, पोरीनं पाठवलंय, तिला रजा मिळंना."

पावसाळ्यात चुना धुऊन जातो, तो दर वर्षी नव्यानं द्यावा लागतो. दर वर्षी सर येत होते, दोन दिवस राहून दोन हात मारत होते, आणि माझं नाव सांगत होते. मी म्हणाले, "मावशी, सर गेले. महिना झाला." त्यांनी कापड मांडीवरून खाली ठेवलं. मग मला राहवेना. "मी कधीच धाडलं नाही त्यांना. आणि त्या वेळी मी एकच हात मारला होता. कागदावर दोन लिहिले."

"ते मला म्हाईत हाय की," मावशी म्हणाल्या. "मी खालीच उभी हुते. मास्तरनं मला आत इचारलं, किती हात मारले पोरीनं? मी म्हणलं, दोन. माझ्या घागरी भरलेल्या हुत्या, त्यानं त्या बघितल्या. काय बोलला न्हाई. वर गेला."

म्हणजे सरांच्या समोर त्या दुपारी खोटं बोलणाऱ्या दोन बाया होत्या आणि दोन भरलेल्या घागरी, ज्यांच्या पाण्यावर दुसरा हात झाला असता. वाटलं, आता तरी कळेल. पण नाही कळलं. त्यांनी मला माफ केलं, की आपली सही खोटी राहू नये म्हणून ते इतकी वर्षं चुना कालवत राहिले? माझं नाव सांगून ते मला मोठं करत होते, की मी एक दिवस इथं येऊन ऐकावं म्हणून ते नाव इथं ठेवून जात होते? आणि बसवराजचं काय? त्याच्याकडं घागरी नव्हत्या म्हणून तो नापास? हे सगळं नंतर, परत आल्यावर, मी बसवराजला सांगितलं.  तो फोनवर म्हणाला, "आता ह्यात कुणाला परत परीक्षेला बसवायचं, सांग."

त्या दिवशी मावशींनी पुढं भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं पोत्याची एक घडी होती. "काम झालं की हितं बसायचा. डोळे झाकून, अर्धा अर्धा घंटा. मी म्हणायचे, मास्तर, झोपलास का? तर म्हणायचा, न्हाई, मोजलालोय." आमच्या तीन महिन्यांत सरांनी यंत्रं शिकवली, तक्ते शिकवले. डोळे मिटून खोली मोजणं कधी शिकवलं नाही. ते अभ्यासक्रमात नव्हतं, की आम्हाला जमलं नसतं असं त्यांना वाटलं, कोण जाणे.

मी त्या पोत्यावर बसले नाही. दारापाशी बसले. दुपार चढत होती, वर पत्रा तडतडत होता, मागच्या वर्षीचा चुना जागोजागी उडालेला असणार. पिशवीत तापमान मोजायचं यंत्र होतं, ते मी काढलं नाही. मावशींनी सुई पुन्हा उचलली, दोन टाके घातले, आणि पोत्याकडं बघतच म्हणाल्या, "तुला शिडीवर चढता येतंय का अजून?"