अकराव्या बाळाचं नाव

स्तामाता गावाची हक्काची धर्ममाता होती. बाप्तिस्म्याला दहा मुलं तिने हातावर घेतली होती आणि पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, ही रीत एकदाही मोडली नव्हती. नाव उच्चारायचं ते धर्ममातेनेच. तोवर आईने चर्चबाहेर थांबायचं.

आज बाहेर पोलिक्सेनी थांबली होती. सकाळीच तिने स्तामाताचा हात धरला होता. "ताई, सासऱ्यांचं अखिलेआस हे नाव नको. त्याचा अर्थ लोकांचं दुःख, असं सांगतात. बाळाचा बाप लढाईतून परत आला नाही. तेलेमाखोस म्हणा. लढाईपासून दूर असलेला."

"आणि तुझी सासू मला गावात राहू देईल?"

पोलिक्सेनीने बाळ तिच्या हातात ठेवलं होतं.

आता ती सासू, एव्हान्थिया, बायकांच्या पुढच्या रांगेतून स्तामाताच्या ओठांकडे बघत होती. पुरुषांच्या बाजूला म्हातारा अखिलेआस नवा कोट घालून आपलं नाव ऐकायला बसला होता.

"नाव?" पाद्रीबाबांनी विचारलं.



"तेलेमाखोस."

"चुकलीस गं बाई," एव्हान्थिया म्हणाली. "परत सांग."

"चुकले नाही, काकू."

एव्हान्थिया उठून तडक निघून गेली. म्हाताराही उठला, पण तो बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी आला.

"वाचा पुढे, बाबा," तो म्हणाला. "घरात एक अखिलेआस पुष्कळ झाला."

बाळाला चोळायला स्तामाताने तेलाची बाटली घेतली. बाळ एका हातावर होतं, म्हणून बूच म्हाताऱ्यानेच काढून दिलं.